विजेचे संगीत आणि जिवंत हात



संगीतावर बोलण्याचा अधिकार गवयाचा किंवा शास्त्रकाराचा. मी दोहोंपैकी कोणीही नाही. शाळा लवकर सुटली, उमेदीची सारी वर्षे कामगार संघटनेत गेली, आणि जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. तेव्हा रागस्वरांविषयी माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. परंतु संगीतातला एक प्रश्न असा आहे की, तो गवयाइतकाच कामगाराचाही आहे. आज त्या प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

प्रश्न साधा आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जलशाला आज हजारो माणसे तिकीट काढून जातात. मंचावर एक मनुष्य उभा असतो. त्याच्या पुढ्यात यंत्रे, मागे दिव्यांचा झगमगाट. तो मान डोलावतो, बटणे फिरवतो, मधूनच हात उंचावतो. आणि श्रोत्याच्या मनात शंका येते की, हा गृहस्थ खरोखर वाजवीत आहे, की आधीच भरून ठेवलेले संगीत सुरू करून नुसता उभा आहे? ‘लाइव्ह’ म्हणून ज्याचे पैसे घेतले, त्यात जिवंत किती आणि साठवलेले किती?

हा प्रश्न आजकालच्या पोरांनी काढलेला नाही. त्याचे वय शंभराहून अधिक आहे. आणि तो नेहमी दोन माणसांनी विचारलेला आहे. एक तिकीट काढणारा श्रोता. दुसरा, ज्याच्या जागी ते यंत्र आले तो वादक. पहिल्याला विचारायचे असते, ‘माझी फसवणूक तर होत नाही ना?’ दुसऱ्याला विचारायचे असते, ‘माझ्या रोजीचे काय?’ संगीताच्या पुस्तकांत पहिल्याची कैफियत बरीच सापडते; दुसऱ्याची शोधावी लागते. म्हणून आज दोघांनाही एकाच चावडीवर आणू.

आरंभ न्यूयॉर्कपासून करावा लागतो. थॅडियस केहिल या अमेरिकन संशोधकाने 1897 साली विजेवर स्वर निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. त्याचे नाव टेलहार्मोनियम. 1906 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचे मोठे यंत्र बसविले गेले, तेव्हा त्याचे वजन सुमारे दोनशे टन भरले. वीज निर्माण करणारी डायनॅमोसारखी चक्रे तळघरात फिरत. चक्राच्या गतीप्रमाणे स्वर उंच किंवा खाली. आज खिशात मावणाऱ्या यंत्राचे काम करायला तेव्हा कारखानाभर लोखंड लागले, कारण क्षीण विद्युत्प्रवाह वाढविणारे व्हॉल्व अजून प्रचारात आलेले नव्हते; कर्ण्यातून ऐकू जाईल इतकी वीज मुळातच निर्माण करावी लागे. वरच्या मजल्यावर वादक पट्ट्या दाबीत आणि संगीत टेलिफोनच्या तारांमधून हॉटेलांत व उपाहारगृहांत पोहोचे. पुढे ते लोकांच्या टेलिफोनवरील बोलण्यातही घुसू लागले, आणि 1908 मध्ये ती संस्था बंद पडली.

आता पाहा, हे संगीत जिवंत होते की नव्हते? वादक त्याच क्षणी वाजवीत होता. चुकला तर चूक ऐकू जात होती. पण जेवणाच्या टेबलावर बसलेल्या गिऱ्हाईकाला तो दिसत नव्हता. जिवंत होता, पण हजर नव्हता. म्हणजे विजेच्या संगीताच्या जन्मापासूनच ‘जिवंत’ आणि ‘डोळ्यांसमोर’ या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. आपण त्या अजूनही एकच समजतो, आणि निम्मा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

याच्या अगदी उलट उदाहरण रशियातले. लेव तेरमेन या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने 1920 साली एक वाद्य काढले. त्याला आपण थेरेमिन म्हणतो. वादक त्याला स्पर्शच करीत नाही. उजवा हात उभ्या दांडीच्या जवळ नेला की स्वर चढतो, डावा हात आडव्या कडीवरून वर घेतला की आवाज वाढतो. तेरमेनने 1922 मध्ये ते लेनिनला वाजवून दाखविले. खेडोपाडी वीज नेण्याची स्वप्ने तो देश तेव्हा पाहत होता. पुढे क्लारा रॉकमोर या बाईंनी हे वाद्य हाती घेतले. त्या मूळच्या व्हायोलिनवादक. हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावे लागले. थेरेमिनवर पडदे नाहीत, तारा नाहीत, बोट टेकवायला जागा नाही. श्वास चुकला तरी स्वर हलतो. विजेचे वाद्य म्हणजे बटण दाबले की आपोआप वाजणारे, असे समजणाऱ्यांनी रॉकमोर बाईंचे वादन अवश्य ऐकावे. वीज आहे म्हणून हात नाही, असे मुळीच नाही.

मग हात नाहीसा केव्हा झाला? तो झाला ध्वनिमुद्रणाने. पिएर शेफेर हा पॅरिसच्या रेडिओवरचा इंजिनीयर. त्याने 1948 साली आगगाडी, भांडी, माणसांचे आवाज यांच्या तबकड्यांवरून संगीत रचले आणि ते नभोवाणीवर ऐकविले. 18 मार्च 1950 रोजी पॅरिसच्या एकोल नॉर्माल या संगीतशाळेत अशा संगीताचा पहिला जाहीर जलसा झाला. शेफेर आणि त्याचा सहकारी पिएर आन्री यांनी ग्रामोफोनच्या अनेक चकत्या आणि कर्णे मांडून, तबकड्या तिथल्या तिथे जुळवीत ते वाजविले. जमवाजमव फार कठीण गेली, कारण असे काम पूर्वी कोणी केलेच नव्हते. आजचा डीजे जे करतो त्याचे हे मूळ म्हणावयास हरकत नाही. संगीत साठवलेले, पण हाताळणारे हात जिवंत, आणि चुकण्याची धास्तीही खरी.

लवकरच तबकड्या गेल्या आणि ध्वनिफीत आली. फितीने चुकण्याची धास्ती संपविली, आणि तिच्याबरोबर मंचावरचा माणूसही संपविला. 28 ऑक्टोबर 1952 रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ओटो ल्यूनिंग आणि व्लादिमीर उसाचेव्स्की यांच्या फितीवरील संगीताचा कार्यक्रम झाला. ल्यूनिंग स्वतः बासरी वाजविणारा; पण त्याची बासरी फितीवर होती. 30 मे 1956 रोजी कोलोनच्या रेडिओकेंद्राच्या सभागृहात कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेनची एक रचना प्रथम ऐकविली गेली. एका मुलाचा आवाज आणि विजेचे स्वर तिच्यात एकजीव केले होते, आणि ते श्रोत्यांच्या सभोवार मांडलेल्या कर्ण्यांच्या पाच गटांतून येत. वादक एकही नाही. लोक खुर्च्यांवर बसून कर्ण्यांकडे पाहत होते.

पॅरिसच्या मंडळींना ही अडचण आधीच जाणवली होती. 1951 मध्ये तेथील झाक पुलँ या इंजिनीयरने एक साधन केले. एक मनुष्य मोठ्या कड्यांच्या मध्ये उभा राही. हातातले लहान वेटोळे तो ज्या कड्याजवळ नेई, त्या बाजूच्या कर्ण्यातून आवाज मोठा येई. संगीत फितीवरचेच, पण आवाज दालनात कोठून कोठे फिरावा, हे तो त्या क्षणी ठरवी. रिकाम्या मंचापुढे माणसे बेचैन होतात, हे त्यांनी ओळखले होते. समोर कोणीतरी आपल्यासाठी राबत आहे, एवढे पाहिल्याशिवाय टाळी कोणाला वाजवायची, हेच श्रोत्याला कळत नाही.

मात्र या फितीच्या संगीताला ‘आयते’ म्हणणे अन्यायाचे होईल. सेकंदाला 38 सेंटिमीटर धावणाऱ्या फितीवर पाव सेकंदाचा स्वर म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरचा तुकडा. तो पट्टीने मोजायचा, पात्याने कापायचा, दुसऱ्या तुकड्याला चिकटवायचा. आणि असे शेकडो तुकडे. काही मिनिटांच्या संगीतासाठी महिनेच्या महिने जात. म्हणजे श्रम नव्हते असे नाही. ते आधी झाले होते. मार्क्सने आपल्या ग्रंथात जिवंत श्रम आणि मृत श्रम असा भेद केला आहे. यंत्रात, इमारतीत, कापलेल्या फितीत जो साठून राहिला तो मृत श्रम. या क्षणी जो हात चालवितो तो जिवंत. मृत म्हटले म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही. पण तो बोलू शकत नाही, संप करू शकत नाही, आणि त्याची मजुरी बहुधा एकदाच दिली जाते; मग तो हजार वेळा वापरला जातो. गिरणीतल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता दुसऱ्या फिर्यादीकडे, म्हणजे वादकाकडे वळू. मूकपटांच्या काळात अमेरिकेतील चित्रपटगृहांत हजारो वादक रोज पडद्यासमोर बसून वाजवीत. 1927 पासून बोलपट आले आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्या संघटनेने, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सने, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. डब्यात बंद केलेल्या संगीतापासून सावध राहा, असा इशारा देणाऱ्या त्या जाहिरातींत वाद्य घेतलेला यंत्रमानव काढलेला असे. लोकांनी जाहिराती वाचल्या, आणि ते बोलपट पाहायला गेले. निव्वळ भावनेला हात घालून रोजी वाचत नाही, हा त्या लढ्याचा धडा.

दुसरा लढा अधिक विचाराचा. 1 ऑगस्ट 1942 पासून जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली त्याच संघटनेने तबकड्यांसाठी वाजविणेच बंद केले. मागणी अशी की, आमचे वादन साठवून तुम्ही ते रेडिओवर आणि हॉटेलांतल्या यंत्रांवर अहोरात्र वाजविता, त्याने आमच्याच भाईबंदांचे काम जाते. तर विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम कामगारांच्या निधीत द्या. गायक त्या संघटनेत नव्हते. म्हणून कंपन्यांनी वाद्यांशिवाय नुसत्या गळ्यांच्या तबकड्या काढल्या. डेक्का कंपनी 1943 मध्ये नमली, व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर 1944 मध्ये. निधी उभा राहिला. पुढे कायदा आडवा आला, 1948 मध्ये पुन्हा बंदी घालावी लागली, आणि अखेर स्वतंत्र विश्वस्त निधी निघाला. त्या पैशातून गावोगाव लोकांसाठी मोफत कार्यक्रम होऊ लागले, आणि त्यांत वादक समोर बसून वाजवू लागले. मृत श्रमाच्या कमाईतून जिवंत श्रमाला काम! कामगार चळवळीच्या इतिहासात इतकी नेटकी कल्पना मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

संघटनेचे सगळेच पवित्रे इतके नेटके नव्हते, हेही सांगितले पाहिजे. 1956 च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटाचे सर्व संगीत लुई आणि बेबी बॅरन या दांपत्याने विजेच्या मंडलांतून निर्माण केले. दोघेही युनियनचे सभासद नव्हते. वाद उभा राहू नये म्हणून श्रेयनामावलीत ‘संगीत’ हा शब्द टाळून ‘इलेक्ट्रॉनिक स्वर’ अशा अर्थाचे शब्द घातले गेले. ज्यांनी काम केले त्यांच्या कामाला कामाचे नावही मिळू नये, हे युनियनच्या नावाला शोभणारे नव्हते.

1964 मध्ये रॉबर्ट मूगचा सिंथेसायझर आला. आरंभी त्यावर एका वेळी एकच स्वर निघे. 1968 साली वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचनांची जी तबकडी काढली, ती एकेक आवाज फितीवर थरावर थर चढवून केलेली. एकट्या माणसाला ती मंचावर वाजविणे शक्यच नव्हते. मग स्वरांची माळ आपोआप फिरवीत राहणारे सिक्वेन्सर आले, आणि 1983 मध्ये ‘मिडी’ नावाची पद्धत ठरली. तिने एका वाद्याची पट्टी दाबली की दुसऱ्या कंपनीचे वाद्य वाजू लागले. एक मनुष्य अनेकांचे काम करू लागला. मुंबईच्या 1928 च्या संपात साचेवाल्यांची तक्रार हीच होती की, दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळायला सांगतात. वादकाच्या हाती तर एकदम सबंध खाते दिले!

मे 1982 मध्ये ब्रिटिश वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांवर बंदी घालावी असा ठराव केला. बॅरी मॅनिलो या गायकाच्या दौऱ्यात वाद्यवृंदाऐवजी सिंथेसायझर वापरले गेले, हे निमित्त. शाखेच्या सभासदांचे दुःख खरे होते. पण सिंथेसायझर वाजविणाराही वादकच, आणि त्याच संघटनेत येऊ शकणारा. त्याला शत्रू ठरवून काय साधणार? वरिष्ठ मंडळाने तो ठराव उचलला नाही. यंत्र फोडून प्रश्न सुटत नाही, हे इंग्लंडच्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकातच अनुभवले होते.

याच काळात जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फ शहरातील क्राफ्टवेर्क या मंडळींनी प्रश्न थट्टेवारी नेला. 1978 पासून ते मंचावर स्वतःच्या जागी यांत्रिक पुतळे उभे करू लागले. परंतु तेच लोक 1981 च्या दौऱ्यात आपली सारी यंत्रशाळा मंचावर घेऊन गेले, आणि एका गाण्याला पुढे येऊन हातातल्या लहान यंत्रांची बटणे श्रोत्यांना दाबू देत. ‘हा वाजवतो का’ असे विचारणाऱ्याला त्यांनी जणू उत्तर दिले की, तूच वाजवून पाहा.

पुढे सारी यंत्रे संगणकात शिरली. 2001 साली बर्लिनमधील एका कंपनीने मंचावर वापरण्यासाठी जी संगणकप्रणाली काढली, तिचे नावच ‘लाइव्ह’! साठवलेले तुकडे हवे तेव्हा, हव्या क्रमाने, ताल न चुकता वाजविता येतात. ती वापरणारा पुष्कळ काही करू शकतो आणि काहीच न करताही उभा राहू शकतो. आणि संगणकाच्या पडद्यामागे तो काय करतो हे श्रोत्याला कळण्याचा मार्ग नाही. 2012 मध्ये डेडमाऊस या नावाने वाजविणाऱ्या कॅनडाच्या प्रसिद्ध कलावंताने उघडच लिहिले की, आमच्या धंद्यातले बहुतेक सगळे बटण दाबून सुरू करतात. खळबळ उडाली, पण कारण समजण्यासारखे आहे. मोठ्या मैदानातील जलशात दिवे, चित्रे, आतषबाजी हे सारे एकाच कालसंकेताला बांधलेले असते. वादकाने लहर आली म्हणून आठ मात्रा वाढविल्या, तर पडद्यावरचे चित्र पुढे जाईल आणि स्फोट भलत्या जागी होईल. देखावा जितका भव्य, तितके वादकाचे हात बांधलेले. म्हणजे स्वातंत्र्य संगणकाने घेतले नाही. ते तमाशाच्या आकाराने घेतले.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटकांच्या वादकांनी 7 मार्च 2003 रोजी संप केला, तो याच संदर्भात पाहावा. प्रत्येक थिएटरात किमान किती वादक असावेत, हे करारात ठरलेले होते. निर्मात्यांना ते बंधन नको होते. आणि संप झालाच तर नाटके चालू ठेवण्यासाठी त्यांनी संगणकाच्या ‘आभासी वाद्यवृंदा’वर तालमी घेतल्या होत्या. पण नट आणि रंगमंच कामगार वादकांच्या बाजूने बाहेर राहिले. वाद्यवृंद यंत्रात भरता आला. नट भरता आले नाहीत. चार दिवसांनी तडजोड झाली. सर्वांत मोठ्या थिएटरांतील किमान संख्या 24 ते 26 होती, ती 18 ते 19 वर आली. विजय म्हणावा की पराभव? मी म्हणेन, हटले. पण माणसे खड्ड्यात बसून वाजवतात हे तत्त्व टिकले, आणि ते दुसऱ्या खात्यातल्या कामगारांमुळे टिकले.

आपल्याकडे डोळे वळवू. पडद्यावर नटी ओठ हलवते आणि गाते दुसरीच, याला आपण फसवणूक म्हणत नाही. का? कारण गाणारीचे नाव आपल्याला माहीत असते. पण तेही आपोआप झालेले नाही. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातील प्रसिद्ध गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे, म्हणजे कथेतील पात्राचे, छापले होते. लता मंगेशकर हे नाव नंतर लोकांपुढे आले. आणि त्या गाण्यांमागे वाजविणारे शेकडो हात? अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा यांसारख्या गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला. पण बहुतेकांची नावे पाटीवर आलीच नाहीत. सिंथेसायझर आल्यावर त्यांची कामे कमी झाली, तेव्हा लोकांना त्यांची उणीव भासली नाही. कारण ते होते हेच कोणाला सांगितलेले नव्हते.

आणि आपल्या शास्त्रीय बैठकीत? 1980 च्या सुमारापासून विजेचा तंबोरा गवयाच्या मागे बसू लागला. बैठक ‘लाइव्ह’ नाही असे कोणी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. गाणे गवयाच्या गळ्यात जिवंत असते. पण तंबोऱ्यावर बसून जो शिष्य ऐकता ऐकता शिकत असे, त्याची जागा त्या पेटीने घेतली, ही गोष्ट कोणत्या हिशेबात धरायची? यंत्राने सुराची उणीव भरली. शिकण्याची जागा भरली नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाला उत्तर काय? माझ्या मते ‘संपूर्ण जिवंत’ असा जलसा कधीच नव्हता. वाद्य घडविणाऱ्याचे, बंदिश बांधणाऱ्याचे श्रम आधीचेच असतात. प्रश्न प्रमाणाचा आहे. त्यासाठी दोन कसोट्या पुरतात. आज समोरच्या श्रोत्यांमुळे, किंवा वादकाच्या हातून काही चुकल्यामुळे, हे संगीत कालच्यापेक्षा वेगळे होऊ शकते काय? होऊ शकत असेल, तर यंत्र कितीही असो, ते जिवंत. नसेल, तर तो साठवलेल्या कामाचा प्रयोग. आणि तसे स्पष्ट सांगितले, तर त्यातही कमीपणा नाही. कोलोनच्या सभागृहात कोणी कोणाला फसविले नव्हते. फसवणूक होते ती साठवलेले जिवंत म्हणून विकण्यात. 1990 मध्ये मिली व्हॅनिली या जोडीचे ग्रॅमी पारितोषिक परत घेतले गेले. त्यांच्या जलशांत यंत्र वाजले, हा दोष नव्हता. दुसऱ्याच्या गळ्यावर त्यांनी आपले नाव लावले होते.

दुसरी कसोटी श्रोत्यापेक्षा मालकासाठी आहे. जे साठवलेले वाजते, ते कोणाच्या हातांनी तयार झाले, त्यांची नावे सांगितली काय आणि त्यांचा वाटा पोहोचला काय? 1942 च्या वादकांनी मागितले ते एवढेच. त्यांनी तबकडी फोडली नाही. तबकडीतला आपला हिस्सा मागितला. आज माणसाचा आवाज आणि वादन शिकून नवे गाणे तयार करणारी यंत्रे आली आहेत. त्यांना शिकविले ते कोणाच्या तरी गळ्याने आणि बोटांनीच. ती मागणी त्यामुळे जुनी झालेली नाही.

आपण श्रोते मंडळी एक गोष्ट सहज करू शकतो. गावात जलसा असेल, तर आयोजकांना विचारावे की, मंचावर कोण वाजविणार आहे, आणि साठवलेले काय असेल; ते जाहिरातीवर छापा. साथीदारांची नावे मुख्य कलावंताच्या खाली, पण छापाच. विचारणारे वाढले की छापणारे वाढतील. संघटनेतला माझा अनुभव एवढेच सांगतो.